नदीत पाणी आहे, मग मासे का मरतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळा संपत आला की कोल्हापूर, सांगली, पुणे, सोलापूरकडून तेच फोटो येतात: बंधाऱ्याच्या कडेला पोट वर करून तरंगणारे मासे. सोबत येणारे प्रश्नही ठरलेले असतात. पंचगंगा, कृष्णा, मुळा-मुठा, भीमा आणि कोकणातल्या दोन नद्या समोर ठेवून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. आपल्याकडे चर्चा पाणी किती घाण आहे यावरच अडते. नदीत पाणी किती आहे, ते कधी येतं आणि कधी अडतं, हे कुणी विचारत नाही. माशांना मात्र दोन्हींचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून खाली दोन्ही गोष्टी एकत्रच येतील.

मासे विषबाधेनेच मरतात ना?

कधी कधी. बहुतेक वेळा ते गुदमरतात.

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मुळातच फार थोडा असतो. २० अंश सेल्सिअसला लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. म्हणजे नदीत काहीही न मिसळता, नुसत्या उन्हानेच ऑक्सिजन धरून ठेवायची तिची ताकद घटते. त्याच वेळी माशाची गरज वाढते, कारण गरम पाण्यात त्याच्या शरीराचे सगळे व्यवहार वेगाने चालतात. लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन असेल तर बहुतेक जाती सुखात असतात. ३ च्या खाली गेला की मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, आणि २ च्या खाली अनेक जाती टिकत नाहीत. सांडपाण्यातली घाण कुजवणारे जिवाणू हाच ऑक्सिजन वापरतात. त्यांचं पोट भरेपर्यंत माशांच्या वाट्याला काही उरत नाही.

काठावर उभं राहून एक ढोबळ अंदाज बांधता येतो. मरळ आणि मागूर हवेतूनही श्वास घेऊ शकतात. बाकीचे मासे मेले आणि हे दोघे जिवंत दिसले, तर ऑक्सिजन संपल्याची शक्यता जास्त. मरळ, गोगलगायी, खेकडे असं सगळंच एकदम मेलं असेल तर कीटकनाशक किंवा रसायनाचा संशय घ्यायला हवा. हा अंदाजच आहे, पुरावा नव्हे.

मासे पहाटेच मेलेले का सापडतात? रात्री कुणी काही सोडतं का?

सोडतही असतील, अंधार सगळ्यांच्या सोयीचा असतो. पण कुणी काही सोडलं नाही तरी पहाट हीच सगळ्यात धोक्याची वेळ असते. साचलेल्या, हिरव्या पाण्यात शेवाळ दिवसभर ऑक्सिजन बनवतं आणि रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन घेतं. सूर्य उगवण्याच्या सुमारास पातळी सगळ्यात खाली गेलेली असते.

अशा पाण्याची दुपारही सुरक्षित नसते. शेवाळ जोरात असताना पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचं माप) ९ पर्यंत चढू शकतो. सामू ७ असेल आणि तापमान २५ अंश, तर पाण्यातल्या अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का भाग माशांना विषारी रूपात असतो. सामू ९ झाला की तोच भाग एक तृतीयांशाच्या वर जातो. मैलापाणी तेवढंच असूनही दुपारी ते कितीतरी पट जहाल होतं. त्यामुळे अमोनियाचा आकडा सामू आणि तापमानाशिवाय कुणी सांगितला तर त्यावरून काही ठरवू नका.

पावसाने तर पाणी वाढतं. मग पहिल्याच पावसात मासे का मरतात?

याचं उत्तर बंधाऱ्यांत आहे. पुराच्या बातम्यांत ‘राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ बंधारे पाण्याखाली’ हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. हे सगळे पंचगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पावसाळा सरला की त्यांत बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पुढच्या पावसाळ्याआधी काढतात. शेतीला यांचा उपयोग मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण मधले सात-आठ महिने नदी ही नदी राहत नाही, एकाखाली एक तळ्यांची रांग होते.

या तळ्यांत वरच्या गावांचं मैलापाणी, कारखान्यांचं पाणी, शेतातून आलेलं खत हे सगळं येऊन थांबतं. गाळ तळाशी बसतो. तळाजवळ ऑक्सिजन उरत नाही आणि तिथे कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. वरच्या थरात मासे कसेबसे तग धरून असतात. मग बरगे निघतात किंवा वळीव कोसळतो. तळाचा काळा गाळ ढवळून वर येतो आणि थोडा उरलेला ऑक्सिजन काही तासांत संपवतो. त्याच पावसाने शहरांतल्या गटारांत, नाल्यांत साचलेलं सगळं धुऊन नदीत आणलेलं असतं. नदीला मोठा लोंढा यायला अजून अवकाश असतो, त्यामुळे ही घाण पातळ होत नाही.

म्हणून बरगे कसे काढतात याला महत्त्व आहे. वरच्या बंधाऱ्यापासून खालच्यापर्यंत सगळं एकाच दिवशी मोकळं करणं आणि धरणातून थोडं स्वच्छ पाणी सोडत टप्प्याटप्प्याने काढणं, यांत माशांसाठी जगण्या-मरण्याचा फरक असतो.

मळीचं पाणी थोडंसंच सुटलं तर एवढ्या मोठ्या नदीला काय होतं?

हिशेब करून बघू. आसवनीतून, म्हणजे उसाच्या मळीपासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यातून, निघणाऱ्या कच्च्या सांडपाण्याची जैविक ऑक्सिजनाची मागणी, म्हणजे बीओडी, लिटरमागे ४०,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. घरगुती मैलापाण्याची साधारण १५० ते ३०० असते. म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरमध्ये सुमारे ४०० किलो ऑक्सिजन खाण्याची क्षमता आहे. नदीच्या एका लिटरमध्ये ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरला तर एक टँकर साडेपाच कोटी लिटरहून जास्त पाण्याचा ऑक्सिजन संपवू शकतो. हा हिशेब ढोबळ आहे. हे सगळं एका क्षणात होत नाही, आणि वाहती नदी हवेतून पुन्हा ऑक्सिजन घेत राहते. पण वाहती असेल तरच. बरगे घातलेल्या बंधाऱ्यामागे पाणी हलत नाही, ते हवेतून ऑक्सिजन भरून काढेपर्यंत मासे थांबत नाहीत.

म्हणजे प्रवाह कमी झाला की घाण दाट होते, एवढाच प्रवाहाचा संबंध?

एवढाच नाही, आणि माझ्या मते इथेच आपली समजूत सगळ्यात कच्ची आहे. समजा एखाद्या नदीत घाणीचा एक थेंबही नाही, पण तिचा प्रवाह मोडला. तरी तिच्यातले निम्मे जीव जातील.

सह्याद्रीतली नदी म्हणजे खळाळ, मग डोह, पुन्हा खळाळ. उथळ खळाळात दगडगोट्यांवरून उड्या मारत जाणारं पाणी ऑक्सिजनने भरलेलं असतं. तिथल्या दगडांना चिकटून राहणारे, पोटाखाली चकतीसारखा अवयव असलेले लहान मासे स्थिर पाण्यात जगत नाहीत. उन्हाळ्यात मोठे मासे डोहांत उतरतात. धरण आणि बंधाऱ्यांनी खळाळ बुडतात, वाळू उपशाने डोह बिघडतात आणि अंडी घालायची जागा नाहीशी होते.

शिवाय नदीला पंचांग असतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर ‘चढणीचे मासे’ कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. मृगाचा पाऊस पडला, ओढे फुगले की नदीतले मासे प्रवाहाविरुद्ध चढतात, ओढ्यातून भातखाचरांपर्यंत जातात आणि तिथे अंडी घालतात. रायगडकडे याला वलगण म्हणतात. लोक रात्री बत्ती घेऊन मासे पकडायला निघतात. मासे कशावरून ओळखतात की वेळ झाली? पाण्याची वाढती पातळी, गढूळपणा, थोडं उतरलेलं तापमान, ओघाचा जोर या खुणांवरून. आधी धरण भरून घ्यायचं आणि मगच पाणी सोडायचं असं चाललं की खालच्या नदीत पहिला लोंढा येतच नाही, किंवा दीड-दोन महिने उशिरा येतो. अंड्यांनी भरलेली मादी वाट बघत बसते. पाणी आलं तरी वर जायला भिंत आडवी असते. आपल्या बंधाऱ्यांना माशांसाठी पायऱ्या क्वचितच ठेवलेल्या दिसतात.

जाता जाता: चढणीचे मासे पकडणं म्हणजे अंडी घालायला निघालेल्या माद्या उचलणं. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलं आणि नदीला सोसवलं, कारण बाकी सगळं शाबूत होतं. आता ओढ्याच्या तोंडाला आडवं जाळं लावून सगळेच उचलले तर पुढच्या वर्षी काही उरणार नाही.

उन्हाळ्यात धरणातून पाणी सोडतात. ते तरी चांगलं ना?

पाणी नसण्यापेक्षा चांगलं. पण कुठल्या थरातलं, किती आणि किती वेळ सोडतात यावर बरंच अवलंबून आहे. खोल धरणात उन्हाळ्यात वर गरम आणि खाली गार असे थर पडतात. तळाच्या थराला हवा लागत नाही. पाणी तळाच्या दरवाजातून सोडलं तर ते गार आणि ऑक्सिजन कमी असलेलं निघतं. पाणी उसळत, आपटत गेलं तर पुढे काही अंतरावर ते सावरतं.

वीजनिर्मितीचं पाणी हा आणखी वेगळा प्रकार. कोयनेचं पाणी मुळात कृष्णेचं. कृष्णा पाणीतंटा लवादाने त्यातलं वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी पश्चिमेला वळवायला परवानगी दिली. ते वीज तयार करून वाशिष्ठीत उतरतं आणि चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत जातं. म्हणजे एका खोऱ्यातली नदी तहानलेली आणि दुसऱ्या खोऱ्यातली उन्हाळ्यातही भरलेली. दोन्हीकडच्या जिवांना हे नवीन. वाशिष्ठीत विजेच्या मागणीप्रमाणे पाणी चढतं-उतरतं. काठाला घातलेली अंडी संध्याकाळी पाण्याखाली, सकाळी कोरडी. खाडीत गोड्या पाण्याचं प्रमाण बदललं की खारं-गोडं सीमेवर वाढणाऱ्या पिलांचं गणितही बदलतं.

कोलाडला राफ्टिंग करून आलेल्यांना हे ठाऊक असेल की मजा फक्त सकाळी असते. कारण कुंडलिकेतला तो ओघ मुळशीचं पाणी भिऱ्याच्या वीजघरातून उतरून आल्यावर सुटलेला असतो. दुपारनंतर नदी शांत. बोटीतल्या माणसाला ते वेळापत्रक सोयीचं, दगडाखालच्या किड्याला रोजचा पूर आणि रोजचा दुष्काळ.

मोठ्या पुरात मासे वाहून जातात का?

काही जातात. पण २०१९ किंवा २०२१ सारखा पूर माणसांसाठी कितीही भयानक असला तरी नदीतल्या जिवांचं त्याने सहसा भलंच होतं. साचलेला गाळ धुतला जातो, वाळूचे थर नव्याने मांडले जातात, काठची शेतं-पाणथळं नदीला जोडली जातात आणि पिलांना खाद्य मिळतं. खरी अडचण वेगळीच: पुरात शेततळी आणि पिंजरे फुटून परदेशी मासे नदीत सुटतात.

पुण्याच्या खाली नदीत अजून भरपूर मासे दिसतात. म्हणजे नदी ठीक आहे?

कुठले मासे, ते बघा.

विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या महसीरचं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलं, ते पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेल्या माशावरून. वाहत्या, स्वच्छ, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्याचा हा मासा ज्या नदीने शास्त्राला दिला, त्याच नदीत आज शहराखाली तो शोधणं हा वेळेचा अपव्यय आहे. खडकवासल्याचं पाणी शहराकडे आणि कालव्याने दौंड-इंदापूरकडे जातं. उन्हाळ्यात शहराखालच्या पात्रात जे वाहतं ते बहुतांश आपण वापरून टाकलेलं पाणी असतं.

तिथे दिसतात ते प्रामुख्याने चिलापी (तिलापिया), गप्पी आणि परदेशी मांगूर. आफ्रिकन मांगूर हवेतून श्वास घेतो, मिळेल ते खातो, लहान मासेही सोडत नाही. भारतात त्याच्या पैदाशीवर २००० पासून बंदी आहे, २०१९ मध्ये हरित लवादाने साठे नष्ट करायलाही सांगितलं, तरी तो बाजारात मिळतोच. घाण आणि स्थिर पाणी अशा माशांना सोयीचं असतं. टोपली भरते म्हणून मासेमारी चालू राहते, आणि टोपलीतल्या जाती बदलल्या हे एक पिढी गेल्यावर कुणाच्या लक्षातही राहत नाही. जुन्या भोई कुटुंबांना विचारा, ते खवली, वांब, शिवडा अशी नावं घेतील आणि ‘आता नाही मिळत’ म्हणतील.

मत्स्यबीज सोडून मासे परत आणता येत नाहीत का?

जलाशयात उत्पादन वाढवायला मत्स्यबीज उपयोगी आहे आणि त्यावर अनेक घरं चालतात. पण सोडतात ते बहुधा रोहू, कटला, मृगळ, म्हणजे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले मासे. त्यांनी भीमा-कृष्णेच्या स्थानिक जाती परत येत नाहीत. महसीरची पिलं सोडण्याचे प्रयत्न झाले आहेत, लोणावळ्याजवळ वळवणला त्यांची पैदास बरीच वर्षं चालू आहे. मात्र ज्या पाण्यात आधीचा महसीर टिकला नाही त्याच पाण्यात नवा टिकेल, याला काही आधार नाही.

याउलट महाडजवळ वाळण कोंडीत किंवा पालघर जिल्ह्यात वैतरणेकाठी तिळसे इथे देवाचे मासे म्हणून महसीर राखले गेले आहेत. तिथे कुणी बीज सोडायची गरज पडली नाही. डोह राखला आणि मासे मारले नाहीत.

जलपर्णी पाणी शुद्ध करते असं ऐकलं. मग ती काढायची कशाला?

ती पाण्यातलं नत्र-स्फुरद शोषते हे खरं. पण ती कापून बाहेर काढली तरच ते नदीबाहेर जातं. तशीच ठेवली तर प्रकाश अडतो, हवेचा स्पर्श थांबतो आणि मेलेली पानं खाली कुजतात. सगळ्यात वाईट उपाय म्हणजे तणनाशकाची फवारणी: सगळी जलपर्णी एकदम मरते, एकदम कुजते, आणि खालचे मासे गुदमरतात.

भीमेवरच्या उजनी धरणावर इतके रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात. पाणी चांगलं असल्याशिवाय येतील का?

येतील. रोहित उथळ चिखलातले बारीक जीव खातो. उजनीच्या काठावरच्या भिगवणच्या गाळात पुणे-पिंपरीच्या मैल्याने पोसलेलं खाद्य मुबलक आहे.

मासे सोडून बाकीच्या जिवांचं काय?

त्यांच्याकडे बघितलं तर नदीचा इतिहास जास्त नीट कळतो. मासा वाईट दिवस पाहून पळू शकतो, शिंपला पळू शकत नाही. गोड्या पाण्यातले बरेच शिंपले एका विचित्र कराराने जगतात. त्यांची पिलं काही दिवस माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात आणि मग तळाला उतरतात. ठरावीक मासे गेले की पुढची पिढीच येत नाही. म्हातारे शिंपले मात्र वर्षानुवर्षं जिवंत राहतात आणि बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं.

दगड उलटून खाली काय आहे ते बघणं ही बिनखर्चाची तपासणी आहे. दोन-तीन शेपट्यांची चपटी पिलं दगडाला घट्ट चिकटलेली असतील, वाळूचे कण चिकटवून घर बांधणाऱ्या अळ्या असतील, तर पाणी वाहतं आणि बऱ्यापैकी स्वच्छ आहे. गाळात फक्त लाल अळ्या वळवळत असतील तर समजा ऑक्सिजन कमी आहे. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा, त्यामुळेच त्या तिथे तगतात. कृष्णेतल्या मगरी आणि पाणमांजरं ही साखळीची वरची टोकं. मासे घटले की पाणमांजर जाळ्यातले मासे खायला येतं आणि मासेमाराशी भांडण सुरू होतं.

सांडपाण्यावर प्रक्रिया केंद्रं झाली की प्रश्न सुटेल?

निम्मा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यांतले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ च्या यादीत ३११ पैकी ५५. दोन्ही वेळा आपला पहिला क्रमांक. त्यामुळे प्रक्रिया केंद्रं हवीतच आणि ती चालायलाही हवीत, वीजबिल परवडत नाही म्हणून बंद ठेवलेली नकोत. तरी प्रक्रिया केलेल्या पाण्यातही अमोनिया आणि फॉस्फरस उरू शकतो. त्याला पातळ करायला वरून येणारा स्वच्छ प्रवाह नसेल, तर नदी म्हणजे प्रक्रिया केंद्राचं बाहेरचं गटार होऊन बसते. काठांना उभ्या भिंती बांधून पिलांचा उथळ निवारा काढून घेतला, तर पाणी पिण्यायोग्य झालं तरी पिलं कुठे वाढणार?

मग नदीत किती पाणी ठेवायला हवं?

वरच्या गंगेसाठी केंद्राने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढली: नोव्हेंबर ते मार्च महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मेमध्ये २५, जून ते सप्टेंबर ३० टक्के. त्याआधी २०१७ मध्ये हरित लवादाने सगळ्या राज्यांना कोरड्या हंगामातल्या सरासरी प्रवाहाच्या किमान १५ ते २० टक्के पाणी नदीत ठेवायला सांगितलं होतं. गंगेच्या आकड्यांत निदान ऋतूंची दखल आहे. पण टक्केवारी पाळूनही पहिला लोंढा अडवला तर चढणीचे मासे चढणार नाहीत. मागणी करताना पाण्याच्या आकड्यासोबत तारखा मागा.

मासे मेले, पण तपासणीत पाणी ‘मर्यादेत’ निघालं. असं कसं?

नमुना कधी घेतला ते विचारा. मत्स्यजीवनासाठीच्या ‘ड’ वर्गाचे निकष आहेत: ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम, मुक्त अमोनिया १.२ च्या आत, सामू ६.५ ते ८.५. पहाटे पातळी १ वर असलेली हिरवी नदी दुपारी दोनला ८ दाखवू शकते. शिवाय घाणीचा लोंढा पुढे निघून गेलेला असतो. आणखी एक: ऑक्सिजन जागेवर मोजायचा असतो, किंवा नमुना जागेवरच रसायन घालून स्थिर करायचा असतो. नुसती बाटली भरून प्रयोगशाळेत नेली तर येणारा आकडा नदीचा नसतो.

मेलेले मासे दिसले तर काय करू?

तारीख, वेळ आणि ठिकाणासह फोटो काढा. कुठल्या जाती, लहान की मोठे, पाण्याचा रंग-वास, बरगे काढले होते का, हे लिहून ठेवा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला त्याच सकाळी कळवा आणि लेखी पोच घ्या. मत्स्यव्यवसाय विभागालाही कळवा. नमुना घेताना हजर राहा आणि तो बंधाऱ्याच्या वरून, खालून आणि तळाजवळून घ्यायला सांगा. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारल्याचा संशय असेल तर तो १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे, पोलिसांत जा.

ते मासे खाल्ले तर चालतात का?

नाही. कशाने मेले हे कळेपर्यंत अजिबात नाही, आणि ते कळेपर्यंत ते कुजलेले असतात. अशा दिवशी बाजारात अचानक स्वस्त झालेली मासळी घेऊ नका.

घरच्या काचेच्या टाकीतले मासे मोठे झालेत. नदीत सोडू का?

सोडू नका. टाकीची काच साफ करायला आणलेला सकर मासा आज उजनीच्या जाळ्यांत सापडतो. तो काठात बिळं करतो, त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात आणि त्याला गिऱ्हाईक नाही. दुकानदाराला परत द्या, नाहीतर टाकी असलेल्या कुणाला तरी द्या.